रात्री चालून संपणाऱ्या प्रोग्रॅमने कचरा गोळा करायचाच कशाला?

सड्यावरचा
मंडळी, रत्नागिरीजवळच्या एका बागायतदार सोसायटीचं संगणकाचं काम मी बघतो. सिझनला वाशीहून रोज पट्ट्या येतात: कुणाच्या किती पेट्या, काय दर मिळाला, गाडीभाडं आणि हमाली वजा जाता हातात किती. या एक्सेल फायली संध्याकाळपर्यंत जमा होतात आणि रात्री तीन प्रोग्रॅम एकामागून एक चालतात. पायथनचं स्क्रिप्ट फायली साफ करतं, जावाचा प्रोग्रॅम प्रत्येकाचा हिशेब काढतो, आणि गोमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम एसएमएस पाठवतो. मशीन जुनं आहे, दोन कोर, ४ जीबी रॅम, जावा १७.

यातल्या कशाहीसमोर माणूस बसलेला नसतो. प्रोग्रॅम मध्येच अर्धा सेकंद थांबला तर कुणाचं काही बिघडत नाही. एकूण वेळ मात्र फार महत्त्वाचा आहे. मे महिन्यात वळीव आला की वीज जाते, आणि इन्व्हर्टर पुरेल तेवढ्यात सगळं उरकावं लागतं.

प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम त्याची सगळी मेमरी एका फटक्यात परत घेते. मग चालू असताना गार्बेज कलेक्शनवर (जीसी), म्हणजे आता न लागणाऱ्या वस्तू, अर्थात मेमरीतले डेटाचे तुकडे, शोधून त्यांची जागा मोकळी करण्यावर वेळ का घालवायचा? उद्या उतरवायच्या मांडवाचे खांब आज कुणी रंगवत बसत नाही. माझं मत जीसी बंद करावं असं आहे. कुणी केलंय का? धोके काय?

घावन_चटणी
शीर्षक वाचून मला वाटलं घंटागाडीचा धागा आहे, आमच्या वाडीत चार दिवस आली नाही ते लिहायला आले होते. आता आलेच आहे तर वाचते.

खाडीकाठ
बंद करायच्या आधी मोजा. जावाला एक्सलॉग-जीसी हा पर्याय देऊन एक रात्र चालवा. प्रत्येक कलेक्शनला किती मिलिसेकंद लागले ते ओळीने छापून येतं. त्याची बेरीज करा आणि एकूण वेळेशी ताडून बघा. जीसीचा वाटा शेकडा तीन-चार असेल तर तो पूर्ण काढूनही तेवढंच वाचणार, आणि इन्व्हर्टरला त्याचा काही पत्ता लागणार नाही.

दर्यावर्दी
खाडीकाठ यांच्याशी सहमत. पण लॉग यायच्या आधीच काही गोष्टी सांगता येतात, कारण जावाची मूळ मांडणी अशा कामासाठी केलेलीच नाही.

दोन किंवा जास्त कोर आणि साधारण पावणेदोन जीबीच्या वर रॅम दिसली की जावा तुमच्या मशीनला सर्व्हर समजतं आणि जी-वन हा कलेक्टर (जीसीचं काम करणारा भाग) निवडतं. जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, तोच ठरलेला आहे. जी-वनची सगळी धडपड थांबे लहान ठेवण्यासाठी असते. मूळ लक्ष्य २०० मिलिसेकंदांचं. त्यासाठी तो मागे वेगळे थ्रेड (समांतर चालणारे कामाचे धागे) चालवतो आणि प्रोग्रॅमने एखादा संदर्भ, म्हणजे एका वस्तूने दुसरीकडे दाखवलेलं बोट, बदलला की दर वेळी थोडी नोंद ठेवतो. तुमच्याकडे कोर दोनच, आणि थांब्याची तर फिकीरच नाही. जे तुम्हाला नकोच आहे त्याचे पैसे मोजताय.

दुसरी गोष्ट हीपची, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या वस्तू ठेवतो त्या मेमरीची. काही सांगितलं नाही तर जावा सुरुवातीला रॅमचा चौसष्टावा भाग घेतं आणि जास्तीत जास्त पाव भाग. तुमच्याकडे सुरुवात ६४ एमबी, कमाल १ जीबी. थोडं भरलं की कलेक्शन, मग थोडं वाढवणं, पुन्हा कलेक्शन. लवकर संपणाऱ्या प्रोग्रॅमचा बराच वेळ या वाढीत जाऊ शकतो. एक्सएमएस (सुरुवातीचा हीप) आणि एक्सएमएक्स (कमाल हीप) सारखेच ठेवा.

तिसरी, आणि ही फार लोकांच्या लक्षात येत नाही. १ जीबी हीपला जी-वन १ एमबीचे कप्पे पाडतो. कप्प्याच्या निम्मी किंवा मोठी, म्हणजे ५१२ केबीच्या पुढची वस्तू ‘ह्युमंगस’ ठरते आणि थेट जुन्या पिढीत जाते (एरवी वस्तू आधी नव्या पिढीत असतात, टिकल्या तरच जुनीत जातात). तुम्ही एक्सेल फाइल अख्खी बाइट-ॲरेत वाचत असाल तर प्रत्येक फाइल तशीच जाते. सिरियल जीसी लावून बघा. साधा, एका थ्रेडचा, लहान हीपला उत्तम.

मिऱ्याबंदर
एवढं कशाला, बिनधास्त बंद करा! जगात मोठमोठ्या लोकांनी केलंय.

पीएचपीची पॅकेजं बसवणारं कंपोझर आठवतंय का? डिसेंबर २०१४ मध्ये त्यात जीसी बंद करणारी एक ओळ घातली आणि लोकांचे अपडेट कितीतरी पटींनी वेगवान झाले. पीएचपीत संशयित वस्तूंची यादी १०,००० झाली की चक्रं, म्हणजे एकमेकींकडेच बोट दाखवणाऱ्या वस्तू, शोधणारा कलेक्टर सुटायचा. कंपोझर पॅकेजांची गणितं सोडवताना लाखो वस्तू बनवतं आणि त्या सगळ्या शेवटपर्यंत लागतात. म्हणजे कलेक्टर पुन्हा पुन्हा सगळं धुंडाळणार आणि हाती काहीच लागणार नाही.

डी भाषेच्या डीएमडी कंपायलरचंही तसंच. ती भाषा बनवणाऱ्या वॉल्टर ब्राइट यांनी मेमरी परत करणंच सोडून दिलं, नुसतं पुढे पुढे वाटत जायचं. २०१३ मध्ये त्यांनी त्यावर लेखही लिहिला होता. कंपायलर चालतो आणि संपतो, तुमच्या हिशेबासारखाच.

तांबडी_माती
मिऱ्याबंदर, डीएमडीची गोष्ट अर्धीच सांगितलीत. मोठे प्रकल्प आले तशी त्याची मेमरी गीगाबाइटांत गेली आणि लहान मशीनवाल्यांचे कंपाइल अडकायला लागले. शेवटी त्यात लो-मेम नावाचा पर्याय आला, तो काय करतो? जीसी चालू करतो.

जावात बंद करायची सोय आहे. एप्सिलॉन, जावा ११ पासून, २०१८. तो फक्त मेमरी वाटतो, परत काहीच घेत नाही. हीप भरला की प्रोग्रॅम मेमरी संपल्याची एरर देऊन पडतो. मी दापोलीची, घरचा आंबा आहे, म्हणून कळकळीने सांगते: हा पैशाचा हिशेब आहे. साध्या दिवशी बरोबर चालेल. अक्षय्य तृतीयेच्या आसपास माल दुप्पट गेला की नेमका त्या दिवशी मध्येच पडेल. ज्या दिवशी बागायतदार सगळ्यात जास्त वाट बघत असतो, त्याच दिवशी.

एप्सिलॉनचा खरा उपयोग मोजमापाला. एकदा मोठा हीप देऊन त्यावर चालवा. जीसी शून्य केल्यावर जास्तीत जास्त किती वाचतं ते कळेल. तो आकडा लहान असेल तर हा विषय तिथेच सोडा.

बाबल्या_मालवणी
माका एक विचारूचा हा. आमी मालवणात भरती-ओहोटीचा वर्षाचा तक्ता काढतो, तो प्रोग्रॅम ओकॅमल भाषेत आसा. ह्यो जीसीचो खेळ थंय पण चलात?

दर्यावर्दी
बाबल्या, चालेल की. ओकॅमलची लहान पिढी (नव्या वस्तूंची जागा) मुळात २,६२,१४४ ‘वर्ड’ची असते, ६४ बिटांवर एक वर्ड ८ बाइटांचा, म्हणजे २ एमबी. ओकॅमल-रन-पॅरम या व्हेरिएबलमध्ये ‘एस’ने ती वाढवता येते, कोडला हात लावावा लागत नाही. पण तक्ता म्हणजे निव्वळ गणित ना? चंद्राचा १२.४२ तासांचा घटक, सूर्याचा १२ तासांचा, असे घटक घ्यायचे आणि बेरीज करत जायची. त्यात कचरा फारसा होत नसणार.

बाबल्या_मालवणी
गणित कमी, छपाई जास्त. प्रत्येक दिवसाची ओळ स्ट्रिंगा जोडून करतो. उधाण आणि भांग वेगळ्या रंगात दाखवूचे लागतत, होडयेवाले तेच आधी बघतत. ‘एस’ वाढवून बघितलंय आत्ताच. ३२ एमबीपर्यंत बरां पळता. आणखी वाढवलंय तर उलट हळू झाला! ह्या कसां?

खाडीकाठ
बाबल्याने फार चांगली गोष्ट समोर आणली, आणि सड्यावरचा यांच्या मूळ मताला हाच सगळ्यात मोठा छेद आहे.

नवी मेमरी फुकट मिळत नाही. लिनक्स ४ केबीचं प्रत्येक नवं पान पहिल्यांदा हात लागेल तेव्हा देतं. तेव्हा प्रोग्रॅम कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, जातो, पान शून्यांनी पुसलं जातं, मग परत. १ जीबीला अशी अडीच लाखांहून जास्त पानं. शिवाय ती सगळी प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या जवळच्या वेगवान मेमरीत, नसतात. लहान पिढी कॅशमध्ये मावत असेल तर जीसी तीच तीच गरम जागा पुन्हा वापरायला देतो. जीसी बंद केलात की प्रत्येक वस्तू थंड, नव्या पानावर.

म्हणजे जीसी घालवून वाचवलेला वेळ पानं उघडण्यात खर्च होऊ शकतो. आणि रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू झाला, त्यातून डिस्क जुनी फिरणारी असेल, तर हिशेब सकाळपर्यंत चालेल.

दर्यावर्दी
बरोबर, पण दुसरी बाजूही सांगतो. नक्कल करणाऱ्या, म्हणजे वापरातल्या वस्तू दुसरीकडे उतरवून जुनी जागा मोकळी करणाऱ्या, कलेक्टरचा खर्च जिवंत वस्तूंवर अवलंबून असतो, मेलेल्यांना तो हातही लावत नाही. हीप दुप्पट केला आणि जिवंत माल तेवढाच राहिला तर कलेक्शनं निम्मी होतात, प्रत्येकाचा खर्च मात्र तितकाच. अँड्र्यू ॲपेल यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं की मेमरी पुरेशी असेल तर वस्तूमागे जीसीचा खर्च जवळजवळ शून्याकडे नेता येतो. म्हणून पूर्ण बंद करण्यापेक्षा ‘मोठी जागा द्या, क्वचित गोळा करू द्या’ हे जवळपास तेवढंच वाचवतं आणि वर छप्पर राहतं.

सड्यावरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मोजलं, आणि निघालं ते वेगळंच.

जीसीचा वाटा किरकोळ आहे. आधीच्या माणसाने लिहिलेलं शेल स्क्रिप्ट दर बागायतदारामागे जावाचा प्रोग्रॅम नव्याने सुरू करतं. सभासद काही शे आहेत. दर वेळी जेव्हीएम, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम चालवणारं यंत्र, उभी राहते, एक्सेल वाचायची लायब्ररी हजारो क्लास चढवते, एका माणसाच्या पाच-सात पट्ट्या वाचते आणि संपते. बहुतेक वेळा एकही कलेक्शन होत नाही! एप्सिलॉन लावला तरी फरक नाहीच. आता सगळे सभासद एका प्रक्रियेत घ्यायचा विचार आहे.

मिऱ्याबंदर
घेऊ नका! वेगळी प्रक्रिया हाच सगळ्यात स्वस्त जीसी आहे. माणसाचा हिशेब झाला, प्रक्रिया संपली, मेमरी साफ. एका दलालाची फाइल वाकडी आली तर त्या एका माणसाचा हिशेब अडतो, बाकीच्यांचा नाही. सगळे एकत्र केलेत तर एका फायलीपायी सगळं गाव उपाशी.

तांबडी_माती
आणि दर वेळी जेव्हीएम थंड सुरू होते त्याचं काय? जेआयटी कंपायलर कोड तापवतो, म्हणजे चालता चालता वेगवान करतो, तेवढ्यात प्रोग्रॅम संपतो. ती कमाई दर वेळी फेकून द्यायची? एकत्र करा, आणि प्रत्येक बागायतदाराभोवती एरर पकडायची व्यवस्था ठेवा. वाकडी फाइल बाजूला टाकायला वेगळी प्रक्रिया लागत नाही.

मिऱ्याबंदर
एरर पकडता येते. मेमरी संपली तर काय पकडणार?

तांबडी_माती
हा मुद्दा मान्य. मेमरी संपल्यावर त्याच प्रक्रियेत पुढचा हिशेब करू नये, आत काय अर्धवट राहिलंय याचा भरवसा नाही. एक्झिट-ऑन-आउट-ऑफ-मेमरी-एरर हा पर्याय लावला की जावा तिथेच बंद पडतं.

खाडीकाठ
मधला मार्ग आहे. चाळीस-पन्नास सभासदांची एक तुकडी, एका तुकडीला एक प्रक्रिया. जेव्हीएम उभी करायचा खर्च पन्नासांत वाटला जातो, कोड तापतो, मेमरी किती लागेल त्याचा अंदाज राहतो, आणि तुकडी पडली तर तेवढीच पुन्हा चालवायची. कोर दोन आहेत, दोन तुकड्या शेजारी शेजारी चालवा. मात्र एक्सएमएक्स हाताने द्या. प्रत्येक जेव्हीएमला वाटतं सगळं मशीन आपलंच.

सुरू होण्याच्या वेळेसाठी दोन गोष्टी. एक, क्लासचा साठा: जावा १३ पासून आर्काइव्ह-क्लासेस-ॲट-एक्झिट देऊन एकदा चालवलं की चढवलेले क्लास फायलीत जमतात, पुढच्या वेळी तिथून उचलायचे. दुसरी, टिअर्ड-स्टॉप-ॲट-लेव्हल १. फक्त पहिला, झटपट कंपायलर वापरायचा. मिनिटाच्या आत संपणाऱ्या कामाला बहुधा फायदा होतो, लांबणाऱ्याला तोटा. दोन्ही करून बघा.

घावन_चटणी
मला जीसी कळत नाही, पण एक विचारू? मध्येच पडलं आणि तरी एसएमएस गेले तर? आमच्या सासऱ्यांना एकदा एका दलालाकडून निम्म्याच पेट्यांचा मेसेज आला होता, दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

तांबडी_माती
घावन_चटणी, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

सड्यावरचा, हे आधी करा आणि जीसी नंतर. रॅम संपली की लिनक्स एखाद्या प्रक्रियेला ठार मारतं. जावाला शेवटचा शब्दही बोलता येत नाही, फक्त १३७ हा निकाल परत येतो. शेल स्क्रिप्ट तो तपासत नसेल तर पुढचा प्रोग्रॅम अर्ध्या फायलीवर बिनदिक्कत चालतो. म्हणून हिशेब तात्पुरत्या नावाने लिहायचा, शेवटी एकूण पेट्या पट्ट्यांतल्या बेरजेशी जुळवायच्या, जुळल्या तरच फायलीचं नाव बदलायचं. एसएमएसवाल्याने फक्त बदललेल्या नावाचीच फाइल उचलायची.

सड्यावरचा
हे आजच करतो. सभासदाच्या हातात चुकीचा आकडा जाण्यापेक्षा तो उशिरा गेलेला बरा. पायथन आणि गोचं काय करू?

मिऱ्याबंदर
पायथनमध्ये जीसी-डिसेबल! इन्स्टाग्रामने २०१७ मध्ये केलं होतं.

दर्यावर्दी
इन्स्टाग्रामचं कारण निराळं होतं. त्यांचे प्रोग्रॅम लवकर संपणारे नव्हते. एका मूळ प्रक्रियेपासून अनेक कामगार प्रक्रिया निघायच्या आणि मेमरीची पानं वाटून घ्यायच्या. जीसी फिरताना वस्तूंवर खुणा लिहायचा, त्यामुळे वाटलेली पानं वेगळी व्हायची आणि मेमरी वाढायची. त्यातूनच पुढे पायथन ३.७ मध्ये जीसी-फ्रीझ आलं.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये बंद करायला हरकत नाही. पायथनची बहुतेक मेमरी संदर्भ मोजूनच सुटते, ते कधीच बंद होत नाही. बंद होतो तो फक्त चक्रं शोधणारा भाग. मोठा डेटा एकदाच भरताना फरक जाणवतो, कारण तेव्हा नव्या वस्तू धडाधड वाढतात आणि कलेक्टर उगाच फिरतो. काही जण शेवटची आवराआवर टाळायला अंडरस्कोर-एक्झिटने बाहेर पडतात. ते करायचं असेल तर आधी सगळ्या फायली स्वतः बंद करा. नाहीतर बफरमधल्या शेवटच्या ओळी डिस्कवर जातच नाहीत, आणि तुमच्या फायलीतल्या शेवटच्या ओळी म्हणजे कुणाच्या तरी पेट्या.

खाडीकाठ
गोचं सगळ्यात सोपं. गो १.१९ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२२ पासून, गो-मेम-लिमिट आहे. जीओजीसी (जीसी किती वेळा फिरावा ते ठरवणारं सेटिंग) ऑफ करा आणि मेमरीची मर्यादा द्या, समजा ३०० एमबी. तिथपर्यंत जीसी फिरतच नाही, जवळ आलं की फिरायला लागतो. मर्यादा मऊ आहे. खरोखर लागणारा डेटाच तेवढा झाला तर जीसी सारखा फिरेल, पण गो त्याला साधारण निम्म्या सीपीयूपलीकडे जाऊ देत नाही, मर्यादा ओलांडतो आणि पुढे सरकतो.

तुम्हाला सुरुवातीला हवं होतं ते नेमकं हेच, बंद पण छपरासकट. जावात तसं सरळ मिळत नाही, तिथे मोठी नवी पिढी देऊन जवळपास पोचायचं.

बाबल्या_मालवणी
माझो तक्तो मगाशीच छापून झालो. ‘एस’ नको, स्ट्रिंगा जोडूच्या ऐवजी बफर वापरलंय, कचरोच कमी झालो. आता मासेमारी बंदी चालू होवच्या आधी, १ जूनच्या आत छापखान्यात देतलंय, म्हणजे ऑगस्टात होडये परत उतरतीत तेवा सगळ्यांच्या हातात.

तांबडी_माती
बाबल्याने केलं तेच जावातही करता येतं. सड्यावरचा, तुमची लायब्ररी अख्खी एक्सेल फाइल मेमरीत उभी करत असणार, तक्त्यातल्या प्रत्येक घराची (सेलची) वेगळी वस्तू. त्याच लायब्ररीत ओळीओळीने वाचायची पद्धत असते. थोडं जास्त लिहावं लागतं, पण कचरा मुळातच होत नाही. जीसीच्या कुठल्याही पर्यायापेक्षा याने जास्त फरक पडेल असं माझं ठाम मत आहे.

सड्यावरचा
झालेलं सांगतो. पन्नासांच्या तुकड्या, दोन शेजारी शेजारी. सिरियल जीसी, एक्सएमएस आणि एक्सएमएक्स दोन्ही १२०० एमबी, नवी पिढी ७०० एमबी, क्लासचा साठा फायलीत. बहुतेक तुकड्यांत एक किंवा दोनच कलेक्शनं होतात. पूर्वी तासाच्या वर जायचं ते काम आता जेवण होईपर्यंत उरकतं, इन्व्हर्टरवरसुद्धा. बेरीज जुळवून नाव बदलायचं कामही झालं. गेल्या मे महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या पट्ट्या काढून त्यांवरही चालवलं, पडलं नाही. ओळीओळीने वाचायचं पावसाळ्यात करतो.

तांबडी_माती
छान! एकच तपासा. १२०० हा फक्त हीप आहे. क्लासची माहिती, कंपाइल झालेला कोड, थ्रेडचे स्टॅक हे सगळं त्याबाहेर. दोन जेव्हीएम म्हणजे २४०० वर आणखी काही शे एमबी धरा. टाइम कमांडला व्ही देऊन चालवलं की शेवटी मॅक्सिमम रेसिडेंट सेट साइझ, म्हणजे प्रत्यक्षात जास्तीत जास्त किती रॅम लागली ते, छापून येते, दोन्हींची बेरीज ३ जीबीच्या आत आहे ना ते बघा.

सड्यावरचा
बघितलं, ३ जीबीच्या थोडी वर जाते. एक्सएमएक्स १००० वर आणून आज रात्री त्याच मोठ्या दिवसाच्या पट्ट्यांवर पुन्हा चालवतो.